सुई त्यांच्या हाती द्या

(महिला मंडळाच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सातपुड्यातल्या आपल्या विणकामाच्या वर्गाबद्दल मी बोलावं असं मला सांगण्यात आलं आहे. विणकाम हा माझा धंदा नाही, छंद आहे. या पिशवीत आत्तासुद्धा तीन कामं अर्धवट आहेत: एका तान्ह्या बाळाची टोपी, चार वर्षांच्या मुलीचा बिनबाह्यांचा स्वेटर आणि मोज्यांचा एक पाय. दुसरा पाय कधी होणार, हे मात्र विचारू नका!

नंदुरबार म्हटलं की आपल्याला उन्हाळा आठवतो. पण अक्कलकुव्यातलं डाब किंवा वर तोरणमाळ, इथे डिसेंबर-जानेवारीत पहाटेची थंडी हाडांत शिरते. घराच्या भिंती कुडाच्या. वारा सरळ आत येतो. या थंडीचा त्रास तिघांना सर्वांत जास्त होतो.

पहिलं, नुकतं जन्मलेलं बाळ. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या अंगात ऊब टिकत नाही. आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरणं हा पहिला उपाय, आणि त्यासोबत डोक्यावर टोपी. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, त्यामुळे तिथून ऊब लवकर जाते. दुसरे, सिकलसेलचे रुग्ण. हा रक्ताचा आनुवंशिक आजार तिथल्या आदिवासी बांधवांत बराच आढळतो. थंडी बाधली की हाडांत, सांध्यांत असह्य कळा सुरू होऊ शकतात. स्वेटर हे औषध नव्हे, पण अंग उबदार ठेवा असं डॉक्टर त्यांना सांगतातच. आणि तिसरी, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुलं. दिवाळी झाली की कितीतरी घरं गुजरातकडे निघतात आणि भर थंडीत शेताच्या कडेला कोप्या घालून राहतात.

म्हणून आमचा वर्ग टोपीपासून सुरू होतो. पुष्कळ भगिनींनी रीत विचारली, ती इथेच सांगते. आठ नंबरच्या सुया घ्या आणि 64 टाके घाला. दोन सुलट, दोन उलट अशा 8 ओळी विणा. मग एक सुई सुलट, एक सुई उलट, अशी एकूण उंची 12 सेंटिमीटर होईपर्यंत जा. आता प्रत्येक सुलट सुईवर आठ ठिकाणी दोन टाके एकत्र विणा. पहिल्या वेळी मध्ये सहा टाके साधे येतील, पुढच्या वेळी पाच, मग चार. शेवटी 8 टाके उरले की त्यांतून धागा ओवून घट्ट ओढा आणि बाजू शिवून टाका. अगदी लहान बाळासाठी 64 ऐवजी 56 टाके पुरतात. एका टोपीला साधारण 20 ते 25 ग्रॅम लोकर लागते, म्हणजे 100 ग्रॅममध्ये चार बाळांची सोय.

एक विनंती. गोंडे, बंद, लोंबती झालर लावू नका. बाजारात स्वस्त मिळणारी लोकर बहुतेक ॲक्रिलिकची असते. धुवायला सोपी, पण ठिणगी लागली तर वितळून कातडीला चिकटते. तिथे मुलं चुलीपाशीच शेकत बसतात. खरी लोकर आगीला सहज धरत नाही, पण महाग पडते आणि गरम पाण्यात आटते. त्यामुळे आम्ही ॲक्रिलिकच वापरतो, पण कपडा अंगाबरोबर बसणारा आणि बाही मनगटाशी घट्ट ठेवतो.

आता शिकवण्याबद्दल. वर्गात बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नाही. नमुन्याचा कागद तिथे उपयोगाचा नाही. आम्ही मक्याचे दाणे घेऊन बसतो. एक ओळ झाली की एक दाणा या वाटीतून त्या वाटीत. हिशोब चुकत नाही. आणि विणणं त्यांना अनोळखी नाही. त्यांच्या घरी खाट विणली जाते, त्यामुळे दोरी कुठे वरून जाते, कुठे खालून, हे डोळ्यांना ठाऊक असतं. सुलट-उलट त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळलं म्हणते मी!

सुया कमी पडल्या तेव्हा एकीच्या घरधन्याने बांबूच्या केल्या. काडी तासली, काचेच्या तुकड्याने घासली, तेल चोळलं. माझ्या आठ नंबरच्या सुईशी जाडी ताडून पाहिली. त्या सुया आज वर्गात सर्वांच्या आवडीच्या आहेत, कारण धातूच्या सुईवरून नवशिक्या हाताचा टाका घसरतो, बांबूवरून घसरत नाही.

मागच्या वर्षी शहरातून आलेले स्वेटर आम्ही वाटत होतो. एक पावरा भगिनी मला म्हणाली, "बाई, हा फाटला तर मी कुणाकडे जाऊ?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तीच बाई वर्गाला आली. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाताना भांड्यांच्या बोचक्यात तिने सुया खोचल्या. परत आली तेव्हा तो स्वेटर कोपरावर खरोखरच फाटला होता. तिने तो उसवला, धाग्याची गुंडी केली आणि त्यातून दोन टोप्या विणल्या. एक स्वतःच्या नातवाला, एक शेजारच्या कोपीतल्या बाळाला. ते बाळ कुणाचं, कोणत्या गावचं, हे आपल्या कुठल्याच यादीत नाही.

प्रेषितांची कृत्ये, नववा अध्याय आपल्याला पाठ आहे. टबीथा म्हणजे दुर्कस वारली, तेव्हा विधवा रडत पेत्रापाशी आल्या आणि तिने केलेले कपडे दाखवू लागल्या. ती त्यांच्याजवळ असताना तिने ते केले होते, असं शास्त्र सांगतं. मला तो "जवळ" महत्त्वाचा वाटतो. दुर्कसने यापोला गाठोडं पाठवलं नव्हतं, ती यापोतच त्या बायकांमध्ये राहत होती. आपल्या महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अन्न-वस्त्र दिलंच, पण हातमाग आणि छापखान्याचं कामही मुलींच्या हाती दिलं. शिकलेला हात कुणी परत मागत नाही.

म्हणून माझं मागणं हे आहे. दरवर्षीच्या अहवालात आपण किती स्वेटर वाटले ते लिहितो. यापुढे किती जणी शिकल्या आणि त्यांतल्या किती जणींनी दुसरीला शिकवलं, तेही लिहू या. स्वेटर जरूर पाठवा, या थंडीत ते हवेतच. पण भातलावणी आटोपल्यापासून दिवाळीपर्यंत आपल्या हाती थोडेच रविवार असतात. त्यानंतर अर्धा वर्ग कोयते घेऊन निघून जातो. त्या रविवारांसाठी प्रत्येक मंडळाने एक भगिनी द्यावी. उपासनेनंतर दोन तास, सलग सहा रविवार. फार सफाईचं विणकाम लागत नाही. टाका सुटला तर तो शांतपणे उचलून द्यायला आला, की पुरे. ज्यांना येणं जमणार नाही त्यांनी लोकर द्यावी, नवी किंवा जुना स्वेटर उसवून धुतलेली, गडद रंगाची. पांढरी नको. तिथे धूर आहे, धूळ आहे.

आणि प्रार्थनेत त्या कोप्यांची आठवण ठेवा. तिथे कुणीतरी आत्ता टाके मोजत असेल.

प्रभू आपल्या हातांच्या कामाला यश देवो. आमेन.