रुग्णालयाच्या दारापलीकडे : दिव्यांग प्रौढांची शुश्रूषा



संस्थेचा सुवर्णमहोत्सव म्हणजे आनंदाचा आणि त्याचबरोबर हिशेबाचा प्रसंग. काय घडले याची नोंद अहवालात येतेच. काय राहून गेले याचा विचार अशा प्रसंगी व्हावा, हे अधिक उचित. आजच्या व्याख्यानाचा विषय अशाच एका राहून गेलेल्या कामाचा आहे : चंद्रपूर आणि गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांतील दिव्यांग प्रौढांची आरोग्यसुरक्षा आणि त्यांची रोजची शुश्रूषा.

दिव्यांग बालकाविषयी समाजाच्या मनात सहज कणव उपजते. त्याच्यासाठी शाळा निघतात, शिबिरे होतात, वह्या-पुस्तके वाटली जातात. तेच बालक पंचविशीचे, चाळिशीचे होते तेव्हा चित्र पालटते. शाळा संपलेली असते, शरीर जड झालेले असते आणि त्याला उचलणारे आईचे हात थकलेले असतात. मदतीची गरज वाढते त्याच वेळी मदतीचा ओघ आटतो. अशा घरांतून एकच प्रश्न वर्षानुवर्षे, बहुधा न उच्चारता, वावरत असतो : आमच्यानंतर याचे कोण करणार?

या दोन जिल्ह्यांत अपंगत्वाची कारणेही इथल्या मातीची आहेत. कुष्ठरोग हे त्यांतील जुने कारण. बहुविध औषधोपचारामुळे रोग बरा होतो. परंतु बधिर झालेले तळवे आणि वाकलेली बोटे मागे राहतात. दुसरे कारण सिकलसेलचे. रक्तातील हा आनुवंशिक दोष गोंड, माडिया, परधान आणि अन्य अनेक समाजांत आढळतो. वारंवार उठणाऱ्या वेदना, खुब्याच्या सांध्याची झीज, क्वचित ऐन तारुण्यात पक्षाघात, अशी त्याची वाटचाल असते. तिसरे कारण पक्षाघाताचे. ‘सर्च’ या संस्थेने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गडचिरोलीच्या ग्रामीण भागातील मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण पक्षाघात असल्याचे दिसून आले. जे त्यातून वाचतात त्यांपैकी अनेकांचा एक हात आणि एक पाय कायमचा निकामी होतो. यात भर पडते ती खाणी-कारखान्यांतील व रस्त्यांवरील अपघातांची आणि रानात अस्वलाने केलेल्या जखमांची.

आता आरोग्यसुरक्षेकडे वळू. या बाबतीत गेल्या काही वर्षांत बरेच काही घडले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. राज्य शासनाची जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत गडचिरोली होता; नोव्हेंबर २०१३ पासून चंद्रपूरसह उर्वरित जिल्हे तिच्या कक्षेत आले. पुढे ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली, आणि २०२३ सालच्या शासननिर्णयाने वार्षिक पाच लाख रुपयांचे संरक्षण राज्यातील सर्व कुटुंबांना देण्याचे ठरले. आत्ममग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही एक लाख रुपयांची स्वतंत्र विमायोजना आहे. तिला वयाची अट नाही आणि पूर्वतपासणीही लागत नाही. बाह्यरुग्ण उपचार आणि नियमित थेरपी यांचा खर्च ती देते, हे तिचे वैशिष्ट्य.

मग उणीव कोठे आहे? एक उदाहरण पुरेसे होईल. कमरेखालचे शरीर निकामी झालेला एक माणूस खाटेवर पडून आहे. साधारण दर दोन तासांनी त्याची कूस बदलली पाहिजे. ती बदलली गेली नाही तर माकडहाडापाशी आणि टाचांपाशी त्वचेचा रक्तपुरवठा दबतो, त्वचा लाल होते, मग काळवंडते आणि जखम हाडापर्यंत जाते. त्या जखमेतून जंतू रक्तात शिरले की रुग्णालय गाठावे लागते, शस्त्रक्रिया होते आणि तिचा खर्च योजनेतून मिळतो. माणूस बरा होऊन त्याच घरी, त्याच खाटेवर परततो, आणि दोन तासांनी कूस बदलण्यासाठी घरात तेव्हाही कोणी नसते. शेवटच्या संकटासाठी लाखांची तरतूद आणि ते संकट टाळणाऱ्या हातांसाठी जवळजवळ काहीच नाही, असा हा उलटा व्यवहार आहे.

बधिर पायाचेही असेच. रोज तळवा न्याहाळणे, पाय पाण्यात भिजवून तेल लावणे, मऊ तळाचे पादत्राण वापरणे, एवढ्याने जखम टळते. पक्षाघात झालेल्याला बसते करून घास भरवला तर अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका कमी होतो. स्नान घालणे, शौचास नेणे, लघवीची नळी स्वच्छ ठेवणे, आखडणारे सांधे हलवणे, ही कामे आरोग्यसेवेच्या कोणत्याही देयकात दिसत नाहीत. पण दिव्यांग प्रौढाचे आयुष्य त्यांच्यावर तोललेले असते. म्हणून आरोग्यसुरक्षा आणि वैयक्तिक शुश्रूषा या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत.

हे सत्य याच भूमीत फार पूर्वी आचरणात आणले गेले आहे. बाबा आमटे आणि साधनाताई यांनी १९४९ साली महारोगी सेवा समितीची स्थापना केली आणि वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर आनंदवन उभे राहिले. जून १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर सुरुवात झाल्याची हकीकत महाराष्ट्राला सुपरिचित आहे. तितके लक्ष जात नाही ते तेथील कामाच्या क्रमाकडे. जखम धुतली गेली, रोग बरा झाला, पण काम तेथे थांबले नाही. बऱ्या झालेल्याला गाव परत घेत नव्हते. म्हणून त्याला शेत मिळाले, हातमाग मिळाला, घर मिळाले, विवाह झाले आणि वार्धक्यात सांभाळणारी माणसेही मिळाली. संधिनिकेतनात अन्य प्रकारच्या दिव्यांगांना व्यवसायशिक्षण लाभले. उपचार, निवारा, श्रम आणि शुश्रूषा या चार गोष्टी वेगवेगळ्या खिडक्यांवर मागाव्या लागू नयेत, ही आनंदवनाची खरी शिकवण होय.

स्वतः बाबांचे शरीरही याची साक्ष देते. पाठीच्या कण्याच्या विकारामुळे त्यांना बसणे अशक्य झाले होते. उभे राहायचे किंवा आडवे व्हायचे, एवढेच शक्य होते. अशा स्थितीत १९८५ च्या डिसेंबरात ते कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ यात्रेला निघाले, आणि बसगाडीत आडवे पडून त्यांनी तो प्रवास केला. योग्य साधन आणि जवळच्यांची नित्य साथ मिळाली तर जायबंदी शरीरही केवढे कर्तृत्व करू शकते, हे त्या यात्रेने दाखविले.

तथापि प्रत्येकाने आनंदवनात जावे, हा त्यावरचा उपाय नव्हे. बहुतेकांना आपले घर, आपली बोली, आपले अंगण प्रिय असते. २०१६ सालच्या दिव्यांग हक्क अधिनियमानेही हेच मानले आहे : दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा अधिकार आहे आणि विशिष्ट ठिकाणीच राहण्याची सक्ती तिच्यावर करता येत नाही. मग दुर्गम गावातील घरापर्यंत शुश्रूषा पोचवायची कशी? भामरागड हे जिल्ह्याच्या मुख्यालयापासून सुमारे १८० किलोमीटर दूर आहे. पर्लकोटेला पूर आला की तेथील वाटा बंद होण्याचा अनुभव वर्षानुवर्षांचा आहे. जिथे दर पावसाळ्यात औषधाची वाट अडते, तिथे शहरातील परिचारिका रोज कशी जाणार?

याचेही उत्तर गडचिरोलीतच सापडते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’चे काम सुरू केले. नवजात बालके घरीच जन्मतात आणि घरीच दगावतात, हे पाहून त्यांनी १९९५ पासून ३९ गावांतील स्त्रियांना प्रशिक्षण दिले. या आरोग्यदूत स्त्रिया घरी जाऊन बाळाचे वजन करीत, त्याचा श्वास मोजीत, गरजेप्रमाणे औषध देत. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या गावांतील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला. पुढे हीच पद्धत आशा स्वयंसेविकांमार्फत देशभर स्वीकारली गेली. अल्पशिक्षित ग्रामीण स्त्री जर दोन किलोच्या नवजात जीवाचे रक्षण करू शकते, तर प्रशिक्षण आणि मानधन मिळाल्यास ती खाटेवरील प्रौढाची कूस बदलण्याचे, त्याची जखम ओळखण्याचे आणि वेळीच डॉक्टरांना कळविण्याचे काम का करू शकणार नाही? केरळ राज्याने २००८ साली धोरण आखून गृहभेटींद्वारे परिहारसेवा स्थानिक स्वराज्य संस्थांशी जोडली. त्यामुळे ही कल्पना व्यवहार्य असल्याचे सिद्ध झाले आहे.

कायद्याची साथही आहे. १९९५ च्या अधिनियमात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या अधिनियमात ते एकवीस झाले आणि त्यांत सिकलसेलचाही समावेश झाला. ज्यांना अधिक आधाराची गरज आहे त्यांना तसा अर्ज करता येतो, आणि त्यांच्यासाठी परिचारक भत्त्याची तरतूद त्या कायद्याने सुचविली आहे. संजय गांधी निराधार अनुदान २०२३ साली दरमहा १५०० रुपये करण्यात आले आणि पुढे दिव्यांगांसाठी त्यात वाढही झाली. ग्रामपंचायतींनी आपल्या उत्पन्नाचा पाच टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा आहे. राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यानुसार प्रौढ दिव्यांगाच्या पालकत्वाचा निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती करते; ‘आमच्यानंतर कोण’ या प्रश्नाला आईवडिलांच्या हयातीतच उत्तर देण्याचा तो एक मार्ग आहे. परंतु यातील प्रत्येक गोष्टीसाठी अर्ज लागतो, प्रमाणपत्र लागते, तालुक्याच्या खेपा लागतात. ज्याला उठून बसता येत नाही त्याने रांगेत उभे राहावे, अशी अपेक्षा त्यामागे नकळत दडलेली असते.

इथे समाजाच्या संस्थांचे काम सुरू होते. जैन परंपरेत सहा आभ्यंतर तपांमध्ये वैयावृत्त्याची गणना आहे, आणि ज्यांची सेवा करावी त्यांत ‘ग्लान’ म्हणजे व्याधिग्रस्त यांचा स्पष्ट उल्लेख आहे. मूळ संदर्भ साधुजनांच्या सेवेचा असला, तरी त्यातील मर्म व्यापक आहे. औषधदान हे दान आहे. वैयावृत्त्य मात्र तप आहे, कारण ते धनाने उरकत नाही, त्याला स्वतःचा देह आणि वेळ द्यावा लागतो. दानाच्या क्षेत्रात समाजाचे काम अभिमानास्पद आहे. जयपूर येथे १९७५ साली स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने कृत्रिम पाय विनामूल्य देऊन लाखोंना उभे केले. पण कृत्रिम पाय ज्यांना उभे करू शकत नाही, अशांसाठी तपाची गरज आहे.

ते तप आवाक्याबाहेरचे नाही. तालुक्यातील अशा घरांची एक साधी यादी. त्या घरांसाठी प्रशिक्षित व मानधन घेणाऱ्या चार-सहा सेविका आणि पुरुषांसाठी तितकेच सेवक. हवेची गादी, चाकाची खुर्ची, कमोडची खुर्ची यांचे परत करण्याच्या बोलीवर वाटप करणारे एक साधनगृह. आठवड्यातून एक दिवस कागदपत्रांसाठी बसणारा जाणकार कार्यकर्ता. आणि वर्षातून काही दिवस आईला विश्रांती मिळावी म्हणून दिव्यांगाच्या मुक्कामाची सोय. संस्थेच्या रिकाम्या खोल्यांपैकी दोन खोल्या यासाठी पुरतील. सेविकेचे मानधन ही मात्र कायमची जबाबदारी आहे; एका दिवसाच्या देणगीतून ती भागणार नाही. ज्या संस्थेने पन्नास वर्षे सातत्य राखले, तिलाच असे काम शोभते.

एक पथ्य मात्र पाळावे लागेल. ज्याची सेवा करायची त्याला आधी विचारले पाहिजे. स्नान कोणी घालावे, केव्हा घालावे, घरात राहायचे की अन्यत्र, हे ठरविण्याचा अधिकार त्या प्रौढ व्यक्तीचा आहे. स्त्रीची शुश्रूषा स्त्रीनेच करावी, दार लोटून घ्यावे, नावाने हाक मारावी, बोलणे अस्पष्ट असले तरी पुरते ऐकून घ्यावे. बोलता येत नाही म्हणजे मत नाही, असे समजू नये. करुणेला आदराची जोड नसेल तर ती घेणाऱ्याला जड होते.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी या संस्थेचा पाया घातला त्यांच्यासमोर त्या काळाच्या गरजा होत्या. आज गावोगावी बंद दाराआड एक खाट आहे आणि तिच्या उशाशी सत्तरी ओलांडलेली एक आई बसून आहे. पुढील वर्षाच्या अहवालात अशा किती दारांवर संस्थेची सेविका पोचली, याचा आकडा छापला जावा. तो आरंभी पाच असला तरी चालेल.