पोपटी भिंत

आमच्या बचत गटाच्या मागच्या बैठकीत एका कर्जाच्या अर्जावरून चांगलाच वाद झाला. कर्ज शेळीसाठी नव्हतं, शिलाई मशीनसाठीही नव्हतं. रंगासाठी होतं! आमच्यातल्या एका ताईंना घराची पुढची खोली पोपटी रंगवायची होती. "पाहुणे हसतील हो," असं कुणीतरी म्हणालं. ताई म्हणाल्या, "पंधरा वर्षं भिंती सासऱ्यांच्या पसंतीच्या होत्या. आता घरपट्टीवर माझंही नाव लागलंय." त्यावर आम्ही काय बोलणार? कर्ज मंजूर झालं आणि मदतीला आम्ही चौघी गेलो.

पोपटी रंग वाटतो तितका सोपा नाही. उजेडात आपल्या डोळ्यांना सगळ्यात ठळक दिसतो तो हा हिरवट-पिवळाच. दुकानातल्या कार्डावरचा नखाएवढा चौकोन गोड दिसतो, पण चारही भिंतींना तोच लावला की डोळे दिपतात, आणि खोलीत बसलेल्यांच्या तोंडावरही हिरवट झाक येते. म्हणून आधी भिंतीवर हातभर पट्टा रंगवला, पूर्ण वाळू दिला, सकाळी पाहिला, रात्री दिवा लावून पाहिला. रात्री तो जरा भडकच वाटला, खरं सांगायचं तर. मग ठरलं, दारासमोरची एकच भिंत पोपटी, बाकी तीन सायीच्या रंगाच्या. त्यामुळे मंजूर कर्जातली निम्मी रक्कम ताईंनी उचललीच नाही.

आता महत्त्वाचं. एका दुकानात आम्हाला पोपटी ऑइलपेंटचा स्वस्त डबा दाखवला. त्यावर ना कंपनीचं नाव, ना तारीख. आम्ही तो घेतला नाही. भडक पिवळ्या-हिरव्या रंगांत पूर्वी शिशाची संयुगं सर्रास वापरत. शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक, आणि त्याचं सुरक्षित असं प्रमाणच नाही. आपल्याकडे घरगुती रंगांत शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, असा नियम २०१६ मध्ये झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. तेव्हा डब्यावरचा मजकूर वाचून घ्या, पक्कं बिल मागा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू द्या.

जुन्या दारं-खिडक्यांचा रंग खरवडतानाही हीच काळजी. कोरडा घासू नका, पाणी मारून ओल्या पॉलिशपेपरने घासा. पोरांना आणि गरोदर बाईला त्या दिवशी शेजारी पाठवा. पडलेला चुरा झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या. आम्ही पहिल्या दिवशी झाडूच मारला होता, म्हणून सांगतोय.

भिंतीवर आधी चुना असेल तर तो खरवडून, प्रायमरचा हात मारूनच वरचा रंग लावा, नाहीतर पोपटी भिंतीचे पोपडे व्हायला वेळ लागत नाही. नवा गिलावा असेल तर महिनाभर तरी थांबा.

ताईंच्या भिंतीपुढे आता फळीवर तांब्याची भांडी मांडलीत, छान उठून दिसतात. सासरे काही बोलले नाहीत. मोरीकडचा कोपरा मात्र अजून ओला आहे, तो दिवाळीपर्यंत तसाच ठेवलाय.