मोजणे म्हणजे काय?

म्हैसूरमधील जयलक्ष्मीपुरम ही झाडांच्या सावलीतली शांत वस्ती. तेथील एखाद्या विद्यार्थ्याने घरापासून शाळेपर्यंतचे अंतर पावलांनी मोजले आणि ते सहाशे चाळीस पावले भरले, असे समजू या. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा मोजले, तर आकडा सहाशे एकावन्न येईल. तिसऱ्या दिवशी आणखी काही वेगळा. रस्ता तर रातोरात लांबलेला नाही. मग खरा आकडा कोणता? बहुतेक मुले या प्रश्नाशी येऊन थबकतात, आणि ‘पहिलाच बरोबर असेल’ असे म्हणून मोकळी होतात. वास्तविक विज्ञानाचा अभ्यास सुरू व्हावयाचा तो नेमका या ठिकाणी.

या वस्तीपासून पंधरा-सोळा किलोमीटरांवर श्रीरंगपट्टण आहे. टिपू सुलतानाची ही राजधानी १७९९ साली पडली, हे इतिहासाच्या पुस्तकात असते. त्या वेढ्यातली एक लहानशी गोष्ट मात्र विज्ञानाच्या पुस्तकात असावयास हवी होती. त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यातील एका रात्री जनरल बेअर्ड आपली तुकडी घेऊन अंधारातून परत निघाला होता. त्याच्या समजुतीने तो दक्षिणेकडे, स्वतःच्या छावणीकडे चालला होता. बरोबर विल्यम लॅम्टन नावाचा एक लेफ्टनंट होता. त्याने आकाशातील ताऱ्यांकडे पाहून सांगितले की आपण उत्तरेकडे, म्हणजे थेट शत्रूच्या दिशेने चाललो आहोत. सेनापतीला ते रुचले नाही. आपल्याला दिशा कळते, ताऱ्यांची गरज नाही, अशा अर्थाचे काहीतरी तो बोलला. परंतु पुढे खिशातले होकायंत्र काढून पाहिले तेव्हा तारेच खरे ठरले.

या प्रसंगात वैज्ञानिक पद्धतीचा गाभा आला आहे. ‘आपण दक्षिणेस जात आहोत’ हे एक अनुमान होते. ते अनुभवी माणसाचे होते, अधिकारी माणसाचे होते. तरीही ते अनुमानच होते. ताऱ्यांनी त्याला बाध आणला. ताऱ्यांशी काहीही संबंध नसलेल्या चुंबकसूचीनेही तेच सांगितले. दोन स्वतंत्र साक्षीदार एकच गोष्ट सांगू लागले, की अधिकाराला मागे सरावे लागते.

श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर याच लॅम्टनने दक्षिण हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची योजना मांडली. हे सर्वेक्षण कंपनी सरकारच्या सोयीसाठी होते, जिंकलेल्या मुलखावर पकड बसविण्यासाठी होते, हे विसरून चालणार नाही. ज्यांनी साखळ्या वाहिल्या, निशाणे धरली आणि हिवतापाने जंगलात देह ठेवले, त्या शेकडो देशी माणसांची नावेही बहुतांशी आपणांस उपलब्ध नाहीत. परंतु मोजण्याची कला त्या कामात ज्या उंचीला पोहोचली, ती विद्यार्थ्यांनी पाहण्यासारखी आहे.

त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन ठाऊक असले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात, हे शाळेत शिकवितात. तेव्हा सबंध देश मोजावयाचा, तर जमिनीवर एकच रेषा प्रत्यक्ष मोजावयाची आणि पुढे टेकड्यांवरून, मंदिरांच्या शिखरांवरून नुसते कोन मोजीत जावयाचे. या पहिल्या रेषेला पायारेषा म्हणतात. अशी एक रेषा लॅम्टनने १८०० साली बंगळूरजवळ मोजली. पुढे १८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या मैदानावर अधिक काटेकोरपणे दुसरी मोजली, आणि तिच्यापासून मोठ्या कामाला आरंभ झाला. तिची लांबी सुमारे ४०,००६ फूट भरली. म्हणजे साडेसात मैल. एखादा तरुण ते अंतर दोन-अडीच तासांत चालून जाईल. लॅम्टनला सत्तावन्न दिवस लागले!

एवढा वेळ का लागावा? त्याची साखळी शंभर फूट लांबीची, पोलादी होती. (तिचा इतिहास मौजेचा आहे. चीनच्या बादशहाला नजर करण्यासाठी ती इंग्लंडहून गेली होती. बादशहाला तिचे अगत्य वाटले नाही, आणि फिरत फिरत ती कलकत्त्यास विक्रीला आली.) पोलाद उष्णतेने प्रसरण पावते. एका अंशाला ते एक लाख भागांत केवळ एक भागाहून किंचित अधिक वाढते, म्हणून रोजच्या व्यवहारात कोणी त्याची दखल घेत नाही. पण सकाळच्या आणि दुपारच्या तापमानात दहा अंश सेल्सिअसचा फरक धरला, तर साडेसात मैलांच्या रेषेत ही चूक साडेचार फुटांवर जाते. म्हणून साखळी लाकडी पन्हळींत सरळ ठेवावयाची, ठरावीक वजनाने ताणावयाची, तिच्याशेजारी उष्णतामापक ठेवून प्रत्येक वेळी तापमान टिपावयाचे, आणि शेवटी सारी मापे एकाच तापमानाला आणावयाची. शिवाय दुसरी एक साखळी होती, ती कामात कधी वापरावयाची नाही. वापरातली साखळी झिजून लांबली की काय, हे तिच्याशी ताडून पाहावयाचे.

येथे दोन प्रकारच्या चुका निराळ्या केल्या पाहिजेत. जयलक्ष्मीपुरमच्या विद्यार्थ्याचे पाऊल कधी लांब पडते, कधी आखूड. ही चूक दोन्ही बाजूंना जाते, आणि पुष्कळ वेळा मोजून सरासरी काढली की ती बरीचशी विरून जाते. पण त्याने टेप घेतली आणि ती टेपच अर्धा इंच ताणलेली असली, तर शंभर वेळा मोजूनही सत्य हाती लागणार नाही. उलट शंभर आकडे एकमेकांशी सुरेख जुळतील आणि सारेच्या सारे चुकीचे असतील. जुळणे म्हणजे बरोबर असणे नव्हे. हा भेद पदवीधरांच्याही ध्यानात पुष्कळदा राहात नाही. पहिल्या चुकीवर उपाय पुनरावृत्तीचा. दुसरीवर उपाय एकच, तो म्हणजे स्वतंत्र मोजणी.

लॅम्टनने तोही केला. मद्रासपासून त्रिकोणांची माळ ओवीत त्याची माणसे १८०४ मध्ये बंगळूरला पोहोचली. तेथील पायारेषेची लांबी किती असावी, हे त्रिकोणांच्या गणिताने आधी काढले होते. मग ती साखळीने प्रत्यक्ष मोजली. सुमारे सात मैलांत फरक निघाला तो अवघ्या काही इंचांचा. त्याच मालिकेने पुढे पश्चिम किनारा गाठला, तेव्हा मद्रासच्या अक्षांशावर द्वीपकल्पाची रुंदी जुन्या नकाशांत दाखविल्याप्रमाणे चारशे मैल नसून सुमारे तीनशे साठच आहे, असे दिसून आले. चाळीस मैल जमीन कागदावरून नाहीशी झाली.

आता आपल्या शाळांतील प्रयोगशाळेकडे वळू. लंबकाने गुरुत्वत्वरण काढावयाचे असते. उत्तर ९८० च्या आसपास यावयाचे, हे पुस्तकात छापलेलेच असते. कित्येक विद्यार्थी उत्तरापासून उलटे गणित करून निरीक्षणांचा तक्ता भरतात, आणि गुण पूर्ण मिळवितात. ज्याने प्रामाणिकपणे मोजून ९४५ आणले, त्याची वही लाल शाईने रंगते. वस्तुतः या दोघांत प्रयोग एकानेच केलेला आहे. त्याला विचारावयास हवे ते एवढेच की, दोरीची लांबी कोठपर्यंत मोजलीस? गोळ्याच्या मध्यापर्यंत, की आकड्यापर्यंत? आंदोलने दहा मोजलीस की पन्नास? पहिले आंदोलन ‘शून्य’ म्हणून मोजलेस की ‘एक’ म्हणून? शेवटच्या प्रश्नाशी पुष्कळदा चोर सापडतो, आणि तो सापडण्यातला आनंद ९८० लिहिणाऱ्याच्या वाट्याला कधी येत नाही.

१८०८ साली तंजावरला लॅम्टनचे अजस्र कोनमापक यंत्र देवळाच्या शिखरावर चढविताना दोर तुटला. यंत्र भिंतीवर आदळले आणि ज्यावर अंश कोरलेले होते, ते तीन फुटी वर्तुळच वाकले. त्याने थोडीफार डागडुजी करून काम पुढे रेटले असते, तर लगेच कोणाच्या लक्षात आले नसते. तो सुमारे सहा आठवडे ते वर्तुळ पूर्ववत गोल करीत बसला. मोजणारा एकटा असताना कसा वागतो, यावर त्याचे आकडे टिकतात.

आकडे जुळले नाहीत म्हणजे काम फसले, असेही नव्हे. लॅम्टनचा उत्तराधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट याने हीच मालिका हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. कल्याणपूर आणि कलियाना या दोन ठाण्यांमधील अंशात्मक अंतर त्रिकोणांनी एक दिले, ताऱ्यांनी दुसरे, फरक ५.२३६ विकलांचा होता. एव्हरेस्टने तो मोजणीतील चुकांत जिरवून टाकला. पुढे कलकत्त्याच्या प्रॅट नावाच्या धर्मगुरूने, हिमालय आपल्या वस्तुमानाने ओळंबा किती खेचील, याचे गणित मांडले. उत्तर आले १५.८८५ विकला. म्हणजे कोडे सुटण्याऐवजी तिप्पट वाढले. डोंगर जेवढा दिसतो तेवढा ओढीत नाही, याचा अर्थ काय? १८५५ मध्ये एअरी याने उत्तर सुचविले की, पर्वतांची हलकी मुळे खाली जड थरात, पाण्यात बर्फ बुडावा तशी, खोल गेलेली असतात. कवचाच्या समतोलाची आजची कल्पना तेथून निघाली. पाच विकला म्हणजे एका अंशाचा सातशेवा भागदेखील नव्हे. पण मूळ मोजणी ढिसाळ असती, तर ‘असेल काही चूक’ असे म्हणून तो फरक सर्वांनीच सोडून दिला असता.

लॅम्टनला हे काही पाहावयास मिळाले नाही. वार्धक्यातही तो मालिका उत्तरेकडे नेण्यासाठी नागपूरच्या वाटेवर होता. १८२३ च्या जानेवारीत, वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे मुक्कामावर त्याचा अंत झाला. त्याची कबर तेथेच आहे.