धीट, धृष्ट आणि उद्धट



विषयाचे नाव ऐकून कोणी म्हणेल, वसंत व्याख्यानमालेत हा व्याकरणाचा तास कशाला? पण 'उद्धट' हा शब्द आपण घरात, शाळेत, कचेरीत इतक्या सढळ हाताने वापरतो, की तो कोणाला लागू पडतो आणि कोणाला नाही, हे एकदा पाहावयास हवे.

प्रथम त्याच्या एका सोयऱ्याकडे पाहू. संस्कृतात 'धृष्ट' म्हणजे धाडसी, आणि निर्लज्जही. द्रौपदीच्या भावाचे नाव धृष्टद्युम्न. तेथे हा शब्द शौर्याचा आहे. उलट साहित्यशास्त्रात अपराध करूनही न लाजणाऱ्या नायकास 'धृष्ट' म्हटले आहे. हाच शब्द लोकांच्या तोंडी झिजून मराठीत 'धीट' झाला आणि हिंदीत 'ढीठ'. गंमत अशी, की हिंदी 'ढीठ' निगरगट्टच राहिला आणि आपला 'धीट' मात्र कौतुकाचा झाला. "मुलगी मोठी धीट आहे हो!" असे आजी म्हणते, ती नातीची तक्रार करीत नसते. अनादराचा अंश आपण तत्सम 'धृष्ट'कडे ठेवला. त्यातही एक खुबी आहे. "मी एक शंका विचारण्याची धृष्टता करतो" हे स्वतःविषयी म्हटले तर विनय. "त्याने अशी धृष्टता केली" हे दुसऱ्याविषयी म्हटले तर दोषारोप.

'भीड' आणि 'मुर्वत' हे शब्द तर आपण जोडीने वापरतो. पण भीड नसलेला तो निर्भीड, त्याचा आपण सत्कार करतो. मुर्वत नसलेला तो बेमुर्वतखोर, त्याला दाराबाहेर उभा करतो! 'आगाऊ'चेही तसेच. आगाऊ रक्कम सर्वांना हवी, आगाऊ पोर कोणालाच नको. 'शिरजोर' मात्र जपून वापरावा. चोर तो चोर वर शिरजोर, असे आपण म्हणतो. म्हणजे शिरजोर ठरण्यास आधी स्वतःची काही चूक असावी लागते. निरपराध माणूस रागावून बोलला तर तो फार तर उर्मट होईल, शिरजोर नव्हे.

आता 'उद्धट'. मूळ 'उद्धत', म्हणजे वर उचललेला, उसळलेला. या शब्दाचा रोख बोलण्याच्या रीतीवर असतो, बोललेल्या मजकुरावर नव्हे. "त्याने उद्धटपणे उत्तर दिले" हे वाक्य बरोबर. "त्याने हिशेब मागितला, म्हणून तो उद्धट" हे वाक्य चूक. व्याकरणाने शुद्ध असले तरी चूकच. कोकणातल्या घरात मूल आईला "अगं, तू" म्हणते, त्यात उद्धटपणा कसला? आणि "आपण फार थोर आहात" हे आदरार्थी वाक्य ओठ मुरडून उच्चारले, तर त्यासारखा उद्धटपणा नाही.

हा भेद केवळ शाळेच्या फळ्यावरचा नाही. १८५६ साली याच रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांवर १९०८ साली मुंबईत राजद्रोहाचा खटला चालला. आरोप होता 'केसरी'तील मराठी लेखांचा. पंचांत सात युरोपियन आणि दोन पारशी, मराठी जाणणारा एकही नाही. त्यांच्यापुढे आली ती लेखांची इंग्रजी भाषांतरे. मूळ शब्दांची छटा भाषांतरात बिघडली आहे, असा टिळकांचा एक मुख्य आक्षेप होता, आणि तो त्यांनी अनेक दिवस चाललेल्या भाषणात मांडला. सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले आणि सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. सरकारला केलेली कडक विचारणा निर्भीड की उद्दाम, हे ठरविणाऱ्यांना ते शब्द ज्या भाषेत लिहिले तीच येत नव्हती.

आपल्याला तर ती येते. तरीही वर्गात "गुरुजी, हे गणित असे का?" म्हणून पुन्हा पुन्हा विचारणाऱ्या पोराच्या प्रगतिपुस्तकावर 'उद्धट' असा शेरा पडतो. तेथे शब्द हवा होता 'चौकस'. फार तर, गुरुजी दमले असतील तर, 'चिकट'.