मुलाच्या ताटाची जबाबदारी



ऐन जेवणाच्या वेळी जेवणावर व्याख्यान देणे धोक्याचे आहे. पण विरार लोकलमध्ये तास तास उभी राहणारी आपण माणसे. बसायला जागा मिळाली असताना अर्धा तास माझे ऐकून घ्याल, असा मला भरवसा आहे.

बाळाने बाळसे धरले की घराला कोण आनंद होतो! जन्माच्या वेळचे वजन साधारण पाच महिन्यांत दुप्पट आणि वर्षात तिप्पट होते. दुसऱ्या वर्षी मात्र ते दोन-अडीच किलोच वाढते. वाढ मंदावली की भूकही मंदावते. आपल्याकडे नेमकी तेव्हाच हाकाटी सुरू होते, 'पोर काही खातच नाही!' मग चिऊकाऊचे घास होतात. ते संपले की हाती मोबाइल येतो आणि पडद्याकडे पाहणाऱ्या तोंडात घास कोंबला जातो. पोट भरले हे ओळखण्याची समज मूल जन्मतःच घेऊन आलेले असते. ती आपणच बोथट करतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांची बाळे जन्मली सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. आपली बाळे स्नायूंनी पुष्कळच उणी होती, पण कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती! दिसायला किडकिडीत, आतून मेदाकडे झुकलेली, अशी ही प्रकृती. पुढे मधुमेहाला ती सोयीची पडते. तेव्हा बारीक मूल म्हणजे रिकामे पिंप, ते तूप-साखरेने भरून काढू, हा हिशेब चुकतो. उंची आणि वजन दोन्ही मिळून पाहायला हवीत.

कृपा करून याचा उलटा अर्थ काढू नका. आपल्याच जिल्ह्यात, जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर, मुलांना खरोखरीच अन्न कमी पडत आलेले आहे. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालच्या शंभरातील 35 मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. त्याच पाहणीत अतिवजनाची मुले शंभरात चार निघाली. आधीच्या पाहणीत ती दोनच होती.

ही चार कोठून आली? सकाळची गाडी धरणारे आईबाप रात्री नवाला परततात. मधल्या वेळेसाठी पोराच्या हातावर दहाची नोट ठेवतात. मी त्यांना दोष देत नाही. त्या नोटेत माया असते, वेळ नसतो. वसईची ताजी भाजी टोपल्यांतून मुंबईला जाते आणि चकचकीत पाकिटांच्या माळा आपल्या दुकानांवर लटकतात. थंड पेयाच्या पाव लिटरच्या बाटलीत पाच-सहा चमचे साखर असते. शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरांत असले पदार्थ विकू नयेत, असा नियम 2020 साली झाला. घरातल्या फळीला तो कोण लावणार?

एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी एक वाटणी सांगितली आहे. काय वाढायचे, केव्हा आणि कोठे, हे मोठ्यांनी ठरवावे. किती खायचे, ते मुलाने. आपण बरोबर उलटे करतो. काय हवे ते मुलाला विचारतो आणि किती खायचे ते दटावून सांगतो.

माझ्याच घरचे सांगतो. धाकटा मुलगा नवव्या वर्षी फार जाड झाला. मी पाहुण्यांदेखत त्याला 'भोपळा' म्हणत असे. परिणाम एवढाच झाला, की तो चोरून खाऊ लागला. डॉक्टरांनी मलाच बोलावले. म्हणाले, 'वाढत्या मुलाचे वजन बहुधा उतरवावे लागत नाही, नुसते थोपवले तरी उंची त्याला गाठते. त्याला वेगळे पथ्य देऊ नका. घरात काय येते ते बघा, आणि संध्याकाळी त्याच्याबरोबर चाला.' घरात फरसाण आणत होतो मीच. संध्याकाळच्या भुकेला केळे, शेंगदाणे, उकडलेले अंडे असे सुरू केले. मुलाची सवय पंधरा दिवसांत सुटली. माझी सुटायला चार महिने लागले.