मोतमाउलीच्या पायऱ्यांवर

वांद्र्याच्या डोंगरावरचं मोतमाउलीचं, म्हणजेच माउंट मेरीचं देऊळ एकदा जिवलग मैत्रिणीसोबत बघावं. माझी मैत्रीण वसईची, घरात मराठीच बोलणारी ख्रिस्ती. तिच्यामुळे मला बाहेरच्या दुकानांपाशी थांबायची सवय लागली. तिथे नुसत्या मेणबत्त्या नसतात. मेणाचे हात, पाय, बाळ, घर, अगदी विमानसुद्धा! गुडघा दुखतोय तर मेणाचा पाय वाहायचा, घर हवंय तर घर. मैत्रिणीनं आईसाठी पाय घेतला, तोही दुकानदाराशी घासाघीस करून. नवसातही भाव करणारी ती एकटीच नसावी.

इथलं जुनं प्रार्थनास्थळ अठराव्या शतकात, मराठे आणि पोर्तुगीज यांच्या लढाईच्या धामधुमीत पाडलं गेलं आणि 1760च्या सुमारास पुन्हा उभं राहिलं. आजची दगडी वास्तू विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. तिचा आराखडा एका पारशी वास्तुविशारदाचा. मूर्ती कोळ्यांना समुद्रात सापडली, अशी आख्यायिका आहे. कोळी बांधवांची इथली श्रद्धा मात्र आजही डोळ्यांना दिसते.

8 सप्टेंबर हा मारियामातेचा जन्मदिन. त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा भरते, आणि रांगेत हिंदू, मुसलमान, पारशी सगळेच असतात. जत्रेला जाणार असाल, तर गाडी घरीच ठेवा आणि वांद्रे स्टेशनवरून बेस्टची बस पकडा.