साडेआठची गाडी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात एका रहिवासी आईने व्यक्त केलेले मनोगत)



सचिव म्हणाले, "ताई, पंचवीस वर्षांतली एक आठवण सांगा, पाच मिनिटांत." मला स्टेजवर बोलायची सवय नाही, म्हणून लिहून आणलंय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्या मुलाला तुम्ही ओळखता. धाकटी बहीण त्याला दादा म्हणते, म्हणून अख्खी सोसायटी दादाच म्हणते. तो बौद्धिक दिव्यांग आहे. २०२० साली तो चौदा वर्षांचा होता, पण समज चार-पाच वर्षांच्या लेकराएवढी. त्याला घड्याळ वाचता येत नाही, पण वेळ बरोबर कळते. साडेआठला शाळेची गाडी गेटवर येते, मग दिवस सुरू होतो. एवढ्या एका गोष्टीवर त्याचं सगळं जग उभं होतं.

मार्चमध्ये शाळा बंद झाली. सुरुवातीचे काही दिवस आम्ही त्याला स्कूटीवर कॅन्टोन्मेंटच्या रस्त्याने चक्कर मारून आणत होतो. २२ मार्चला संध्याकाळी पाचला आपण सगळे थाळ्या वाजवत होतो, तेव्हा दादा कानांवर हात दाबून दिवाणाखाली बसला होता. २५ मार्चपासून लॉकडाऊन लागला आणि स्कूटीही थांबली. मोठ्या माणसाला सांगता येतं की बाहेर रोग आहे. दादाला काय सांगणार? त्याच्या लेखी गाडी आली नाही, आणि आई-बाबा दार उघडत नाहीत, एवढंच खरं होतं. तो दारावर डोकं आपटायचा, ओरडायचा, स्वतःच्या हाताला चावायचा. शाळेच्या मॅडम मोबाईलवर दिसल्या की त्या मागे कुठे लपल्यात हे बघायला मोबाईल उलटा करायचा.

त्या दिवसांत ग्रुपवर एक मेसेज आला, "मुलाला आवरा, झोप होत नाही." नाव घेत नाही. त्यांच्या घरीही म्हातारं माणूस आजारी होतं. पण तो मेसेज वाचून मी खिडक्या लावून घेतल्या. एप्रिलचं कामठीचं ऊन तुम्हाला माहीत आहे. बंद खिडक्यांच्या आत आम्ही चौघं होतो.

मार्ग काढला आपल्या तेव्हाच्या वॉचमन भाऊंनी. ते म्हणाले, "ताई, त्याले येऊ द्या ना खाली. गेटपर्यंतच तर येते." दुसऱ्या दिवशी साडेआठला दादा दप्तर घेऊन खाली गेला. भाऊ लांब खुर्चीवर बसले होते. पाच मिनिटं थांबून म्हणाले, "आज गाडी नाही येत, दादा. उद्या पाहू." दादा वर आला. पहिले तीन-चार दिवस रडत आला, मग रडणं थांबलं. तेच गेट, तोच माणूस, तेच वाक्य, रोज. शाळा सुरळीत व्हायला जवळपास दोन वर्षं गेली. भाऊंनी ते वाक्य किती वेळा म्हटलं असेल, मोजा तुम्हीच. भाऊ आता गावी गेले. त्यांचे आभार मानायचे राहून गेले होते, म्हणून आज इथे मानते.

घरी आम्ही त्याला कूलर भरायला शिकवलं. आधी प्लग काढायचा. टाकीला आतून लाल टेप लावली. पाणी टेपपर्यंत आलं की नळ बंद. तीन आठवडे हॉलमध्ये तलाव होता! आज खालच्या मजल्यावरच्या आजोबांचा कूलरही तोच भरतो.

खरी परीक्षा एप्रिल २०२१ मध्ये झाली. आम्ही दोघंही पॉझिटिव्ह आलो. नागपुरात बेड मिळत नव्हते आणि ह्यांचा ऑक्सिजन खाली चालला होता. त्या रात्री मी एका कागदावर लिहायला घेतलं. दादाला मिक्सरच्या आवाजाची भीती वाटते. औषध गुळाच्या खड्यासोबत घेतो. झोपताना पायावर चादर लागते, उन्हाळ्यातही. पोट दुखलं तर सांगत नाही, गप्प बसतो. पानभर लिहिलं आणि मुलीच्या हाताने दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या दाराशी ठेवलं. सोबत चिठ्ठी नव्हती. काय विनंती करावी, तेच सुचेना.

रात्री अकराला काकूंचा फोन आला. "कागद दोनदा वाचला गं. एकच राहिलंय, वरण घट्ट लागतं की पातळ?"

मी तेव्हा पहिल्यांदा रडले. देवाच्या कृपेने हे घरीच बरे झाले, कागदाची गरज पडली नाही. पण तो अजून काकूंच्या कपाटात आहे.

आता दादाला अठरा पूर्ण झाली. अठरानंतर आई-बाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. त्याच न्यासाची निरामय योजना एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा देते. आपल्या ओळखीत असं मूल असेल तर त्या घरी हे जरूर सांगा, बऱ्याच जणांना माहीत नसतं.

पण समिती पालक नेमते, तिला वरण विचारता येत नाही. म्हणून माझी एक विनंती आहे. ज्या घरात असं मूल किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, त्यांनी असा एक कागद लिहून शेजारी द्यावा. आणि शेजाऱ्यांनी तो दोनदा वाचावा.

दादा अजूनही सकाळी साडेआठला गेटवर असतो. आता गाडी येते. उशीर झाला आणि तो बेचैन दिसला, तर जाता जाता एवढंच म्हणा, "येईल रे दादा, थांब." त्याला पुरतं.